गॉलवेच्या उगमकथा : बुडालेली कन्या, राजाचा दुर्ग आणि व्यापाऱ्यांचा तट

पश्चिम आयर्लंडमधील गॉलवे हे नगर कॉरिब नदीच्या मुखाशी, अटलांटिक महासागराच्या एका रुंद आखातावर वसलेले आहे. मध्ययुगात ते तटबंदीचे नगर होते. या नगराने १९८४ मध्ये आपली पाचशे वर्षे मोठ्या समारंभाने साजरी केली. समारंभाला आधार होता इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याने १४८४ मध्ये दिलेल्या सनदेचा. या सनदेमुळे नगराला स्वतःचा मेयर निवडण्याचा अधिकार मिळाला. वास्तविक आयर्लंडच्या इतिवृत्तांमध्ये नदीमुखावरील दुर्गाची नोंद ११२४ सालची आहे, म्हणजे सनदेपेक्षा ३६० वर्षे जुनी. नगराचा जन्म सनदेपासून मोजायचा की दुर्गापासून, हा वरवर कालगणनेचा प्रश्न वाटतो. मात्र या प्रश्नाच्या उत्तरावर नगर कोणाचे हे ठरत आले आहे. गॉलवेच्या उगमाविषयीच्या दंतकथा आणि दस्तऐवज यांकडे या दृष्टीने पाहिले असता, प्रत्येक उगमकथा तटाची रेषा कोठेतरी आखते आणि कोणाला तरी त्या रेषेच्या बाहेर ठेवते, असे आढळते.

नदी आणि नाव

गॉलवेचे आयरिश नाव गाल्यिव. हे नाव मुळात नदीचे असून नगराला ते नदीवरून मिळाले. जुन्या नोंदींत वस्तीचा उल्लेख ‘गाल्यिवचे मुख’ किंवा ‘गाल्यिवचा दुर्ग’ असा येतो, ही बाब व्युत्पत्तीच्या चर्चेत नेहमी ध्यानात ठेवली पाहिजे. प्रचलित दंतकथेनुसार ब्रेसल नावाच्या पुराणकालीन प्रमुखाची गाल्यिव ही कन्या या नदीत बुडाली व तिच्यावरून नदीला नाव पडले.

ही कथा एकटी नाही. मध्ययुगीन आयरिश वाङ्मयात स्थलनामांच्या उत्पत्तिकथांचा ‘दिनशनखस’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. आपल्याकडील स्थलपुराणांशी त्याची तुलना सहज सुचते. मात्र स्थलपुराणाचा रोख बहुधा तीर्थाच्या माहात्म्याकडे असतो, तर दिनशनखसचा रोख नावाचा उलगडा करण्याकडे असतो. या परंपरेत बॉइन नदीचे नाव बोअन् हिच्यावरून आणि शॅनन नदीचे नाव सिनान हिच्यावरून आले. दोघीही ज्ञानाच्या निषिद्ध झऱ्यापाशी जातात, झरा उसळतो, पाणी त्यांचा पाठलाग करते आणि त्या बुडतात. गाल्यिवच्या कथेत झरा नाही, निषेध नाही, मर्यादाभंगही नाही. उरले आहे ते फक्त बुडणे. कथेचा सांगाडा मोठ्या नद्यांकडून उसना घेतला आणि त्यातील अर्थ मात्र वाटेत गळाला, असे म्हणावे लागते. एखाद्या ऐतिहासिक स्त्रीच्या मृत्यूची स्मृती या कथेत शोधणे त्यामुळे व्यर्थ होय. आपली लहान नदीही बॉइन आणि शॅनन यांच्या पंक्तीला बसावी ही स्थानिक आकांक्षा मात्र कथेत स्पष्ट दिसते.

दुसरी व्युत्पत्ती ‘गॉल’ म्हणजे परका या शब्दावरून दिली जाते. हा शब्द आयरिश भाषेत आधी नॉर्स लोकांना व पुढे नॉर्मनांना लावला गेला. त्यावरून ‘परक्यांचे ठिकाण’ असा अर्थ काढला जातो. व्यापारी नगराला तो इतका शोभतो की त्याच्याविषयी शंका यावी. नाव नदीचे असेल, तर परक्यांच्या वस्तीवरून ते पडले असे मानण्यास आधार राहत नाही. आज सामान्यतः मान्य असलेला अर्थ साधा आहे: खडकाळ, दगडगोट्यांची नदी. कॉरिबचे उथळ, खळाळते पात्र पाहणाऱ्याला त्यासाठी राजकन्येची गरज भासत नाही.

नदी ज्या सरोवरातून निघते त्या लॉख कॉरिबची कथा अधिक भरीव आहे. सरोवराचे जुने नाव लॉख ओर्बसेन. ओर्बसेन हे समुद्रदेव मानानान मॅक लिर याचेच दुसरे नाव मानले जाते. रॉडरिक ओ'फ्लॅहर्टी या सतराव्या शतकातील विद्वानाने ही कथा नोंदविली आहे. त्याच्या मते मानानान हा मुळात नौकानयनात निपुण असा माणूस होता आणि त्या नैपुण्यामुळेच त्याला समुद्राचा पुत्र म्हटले गेले. राजा नुआदाचा नातू उल्लिन याने त्याला लढाईत मारले. जेथे लढाई झाली तो प्रदेश उल्लिनच्या नावावरून मॉयकलन झाला.

हा तपशील चिकित्सकाने सहज ओलांडून जाऊ नये. ओ'फ्लॅहर्टीचा जन्म १६२९ मध्ये मॉयकलनच्याच गढीत झाला होता. क्रॉमवेलच्या विजयानंतर त्याच्या कुळाची जमीन जप्त झाली. त्यातील अल्प भागच त्याला परत मिळाला. ‘ओगिजिया’ हा त्याचा लॅटिन ग्रंथ १६८५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याआधी, १६८४ मध्ये, त्याने पश्चिम कॉनॉटचे वर्णन इंग्रजीत लिहून ठेवले होते. १७०९ मध्ये सॅम्युएल मॉलिन्यू त्याला भेटावयास गेला तेव्हा हा वृद्ध पंडित समुद्रकाठी अत्यंत दारिद्र्यात राहत होता. अशा लेखकाने आपल्या गावाचे नाव थेट देवादिकांच्या युद्धाशी जोडावे, यात केवळ पुराणप्रेम पाहणे अपुरे आहे. महसुली दप्तरातून गेलेली जमीन त्याने नावांच्या दप्तरात जपून ठेवली. त्याच्या कथा इतिहास म्हणून टिकत नाहीत, पण जमिनीवरील हक्काचे निवेदन म्हणून त्या वाचता येतात. किंबहुना तशाच वाचल्या पाहिजेत.

नॉर्मनांपूर्वीचा दुर्ग

दंतकथा बाजूला ठेवल्यावर पहिली पक्की नोंद ११२४ ची येते. इतिवृत्तांनुसार त्या वर्षी कॉनॉटच्या लोकांनी तीन दुर्ग बांधले. त्यांतील एक गाल्यिवच्या मुखाशी होता. त्या वेळी कॉनॉटचा राजा टर्लो ओ'कॉनर हा होता. नद्यांवर पूल, नदीमुखांवर दुर्ग आणि जलमार्गांवर नौदल ही त्याच्या राज्यकारभाराची साधने होती. शॅनन नदीवर अॅथलोन येथे त्याने ११२० मध्येच पूल बांधला होता. गॉलवेचा दुर्ग म्हणजे सरोवर आणि समुद्र यांच्यामधील दारावर बसविलेला पहारा होय. ११३२ मध्ये मन्स्टरच्या आरमाराने तो जाळून पाडला. पुन्हा उभारलेला दुर्ग ११४९ मध्ये मन्स्टरच्याच सैन्याने उद्ध्वस्त केला.

या नोंदींत वापरलेला शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. इतिवृत्तकार येथे पारंपरिक गढीसाठीचा शब्द वापरून थांबत नाहीत, तर लॅटिनमधून आलेला ‘कॅशलॉन’ म्हणजे किल्ला हा शब्द योजतात. नॉर्मन सैन्य आयर्लंडमध्ये उतरले ते ११६९ मध्ये. किल्ला ही नॉर्मनांनी आणलेली वस्तू आहे, असे अभ्यासक्रमांतून दीर्घकाळ शिकविले गेले, आणि तरीही त्यांच्या आगमनापूर्वी ४५ वर्षे एक आयरिश राजा ज्या वास्तू बांधतो त्यांना त्याचे समकालीन किल्लेच म्हणतात. त्या वास्तूंचे रूप नेमके कसे होते याविषयी मतभेद होऊ शकतात. पण नवी गोष्ट घडत आहे, म्हणून तिला नवा शब्द हवा, ही जाणीव शब्दाच्या निवडीतून उघड होते. गेलिक समाज नगररचनेस परका होता या गृहीतकाला येथे पहिला तडा जातो. अर्थात दुर्ग म्हणजे नगर नव्हे. त्याभोवती व्यापारी पेठ उभी राहिली असल्यास तिचा दाखला इतिवृत्तांत नाही. म्हणूनच ११२४ हा नगराचा जन्मदिन ठरविण्याची घाई करण्याचेही कारण नाही. १९८४ च्या समारंभाने त्या सालाचा विचारही टाळावा, हे मात्र खटकते.

तट, तटकर आणि सनद

तेराव्या शतकात चित्र झपाट्याने बदलते. अँग्लो-नॉर्मन सरदार रिचर्ड द बर्ग याने १२३० मध्ये नदीमुखावरील दुर्गाला वेढा घातला, पण त्या वर्षी ओ'फ्लॅहर्टींनी तो लढवून राखला. १२३२ मध्ये द बर्गने तेथे आपला किल्ला उभारला. पुढच्याच वर्षी फेलिम ओ'कॉनरने तो पाडला. १२३५ च्या मोठ्या स्वारीनंतर मात्र कॉनॉटवर द बर्गांचा अंमल बसला. ओ'फ्लॅहर्टी कुळ सरोवराच्या पूर्वेकडील आपल्या मूळ प्रदेशातून पश्चिमेच्या डोंगराळ भागात ढकलले गेले. पुढे नगराने ज्यांना रानटी शेजारी मानले ते शेजारी नगराच्या उभारणीमुळेच तेथे गेले होते, ही गोष्ट नगराच्या कथांमध्ये सांगितली जात नाही.

१२७० च्या सुमारास दगडी तटाचे काम सुरू झाल्याचे मानले जाते. तट बांधण्याचा व राखण्याचा खर्च विक्रीस येणाऱ्या मालावरील खास करातून भागविला जाई. हा तटकर वसूल करण्याचा परवाना राजाकडून मिळत असे. म्हणजे तट हा जितका लष्करी होता तितकाच आर्थिक. वेशीतून कोणता माल आत येतो हे मोजले जाई आणि त्या मोजणीतूनच वेस उभी राही. सेंट निकोलस या नाविकांच्या संताच्या नावाचे मोठे चर्च परंपरेने १३२० चे मानले जाते.

१३३३ मध्ये द बर्ग घराण्यातील अखेरचा अर्ल मारला गेला. घराण्याच्या शाखा आपसांत लढल्या. कॉनॉटमधील शाखांनी आयरिश भाषा, कायदा आणि रिवाज स्वीकारले. आता नगराच्या दृष्टीने त्याचा संस्थापकच परका झाला. तटाच्या आतील व्यापारी घराण्यांनी इंग्लंडच्या राजाकडे थेट संधान बांधले. १३९६ मध्ये दुसऱ्या रिचर्डची आणि १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डची सनद मिळाली. या दुसऱ्या सनदेने मेयरपद दिलेच, शिवाय क्लॅनरिकार्डच्या मॅकविल्यमला, म्हणजे द बर्गांच्याच वारसाला, नगरात कोणताही अधिकार राहणार नाही असे ठरविले. ज्या सनदेचा पाचशेवा वाढदिवस साजरा झाला ती एका अर्थाने संस्थापकाला घराबाहेर काढणारा दस्तऐवज आहे!

त्याच सुमारास चर्चच्या कारभारातही हेच घडले. १४८५ मध्ये पोप आठवा इनोसंट याने सेंट निकोलस चर्चचा कारभार नगरवासीयांनी निवडलेल्या मंडळाकडे सोपविला. त्यासाठी दिलेले कारण मनन करण्याजोगे आहे. येथील लोक सभ्य व मर्यादशील आहेत, ते तटाने वेढलेल्या नगरात राहतात आणि भोवतालच्या डोंगरी, रानटी लोकांच्या चालीरीती पाळत नाहीत, असा त्याचा आशय आहे. येथे तट हा दगडाचा राहत नाही. तो सभ्यतेचा पुरावा म्हणून धर्मपीठापुढे सादर होतो. १५१८ च्या नगरनियमाने ‘ओ’ किंवा ‘मॅक’ ही आयरिश उपपदे नावामागे लावणाऱ्या कोणीही नगराच्या रस्त्यांतून तोऱ्याने फिरू नये, असे बजावले. उपपदावरून माणूस ओळखण्याची ही पद्धत मराठी वाचकाला फारशी अपरिचित वाटू नये.

प्रत्यक्षात तटाच्या आतील चौदा घराणी तितकी निर्भेळ नव्हती. त्यांतील कर्वन आणि डार्सी ही मूळची गेलिक. डार्सींच्या नावाचे आयरिश रूप ओ डॉर्खी असे आहे, तरीही पुढे या घराण्याने फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन सरदारांची वंशावळ सांगितली. सर्वांत प्रबळ लिंच घराण्याची कुलकथा आपला उगम ऑस्ट्रियातील लिंट्झ शहराशी जोडते. नदीला जशी बुडालेली कन्या हवी होती, तसा घराण्याला दूरदेशीचा मूळपुरुष हवा होता. विद्वानांनी पहिल्या कथेला दंतकथा म्हटले आणि दुसरीला बराच काळ वंशेतिहास म्हटले, हा निकषांतील पक्षपात होय.

हार्डिमनचा ग्रंथ

गॉलवेविषयीचे आजचे जवळपास प्रत्येक लेखन जेम्स हार्डिमन याच्या १८२० मधील नगरेतिहासाचे ऋणी आहे. हार्डिमन हा मेयो परगण्यातील, आयरिश भाषा जाणणारा कॅथलिक गृहस्थ. डब्लिन येथील सरकारी अभिलेखागारात काम केल्यामुळे मूळ दस्तऐवज त्याच्या हाताखालून गेले. पुढे तो गॉलवेच्या क्वीन्स कॉलेजचा पहिला ग्रंथपाल झाला. तेथील विद्यापीठाचे ग्रंथालय आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

त्याच्या ग्रंथाची खरी शक्ती सनदा, नगरनियम आणि करारपत्रे जशीच्या तशी उतरवून देण्यात आहे. नावाच्या व्युत्पत्तींबाबतही तो संयमी आहे. वेगवेगळी मते तो वाचकापुढे ठेवतो आणि त्यांतील एखाद्यासाठी हट्ट धरीत नाही. हाच लेखक मेयर लिंचच्या कथेपाशी येतो तेव्हा मात्र त्याची लेखणी बदलते. १४९३ मध्ये मेयर असलेल्या जेम्स लिंच फिट्झस्टीफनने, स्पॅनिश पाहुण्याचा खून केल्याबद्दल आपल्याच मुलाला स्वहस्ते फाशी दिले, अशी ही कथा. हार्डिमनच्या हाती तिला प्रेमातील मत्सर, रात्रीचा पाठलाग, आईचा आक्रोश, संतप्त जमाव आणि खिडकीतून लोंबकळणारा देह असे कादंबरीला शोभणारे सर्व काही लाभते. घटनेच्या काळातील एकही दस्तऐवज तिला दुजोरा देत नाही. १८५४ मध्ये चर्चच्या स्मशानालगत जुन्या इमारतींचे अवशेष जुळवून या कथेचे स्मारक उभारण्यात आले. त्यात कवटी व हाडे कोरलेला दगड बसविलेला आहे, आणि त्यावरील साल १६२४ चे आहे. कथेचा पुरावा म्हणून दाखविली जाणारी खिडकी कथेच्या नंतर बांधली गेली. इंग्रजीतील ‘लिंच करणे’ हा शब्दप्रयोग येथूनच आला, ही समजूतही तितकीच निराधार होय. तो अमेरिकेतील व्हर्जिनियाकडे जातो.

तरीही ही कथा उगमकथाच आहे आणि ती हार्डिमनच्या काळी का फुलली हे समजणे कठीण नाही. १८२० मध्ये आयर्लंडमधील कॅथलिकांना संसदेत बसण्याचा अधिकार नव्हता. तो १८२९ मध्ये मिळाला. अशा वेळी रोमन इतिहासातील ब्रूटसप्रमाणे पुत्रापेक्षा कायदा श्रेष्ठ मानणारा कॅथलिक मेयर वाचकांपुढे उभा करणे म्हणजे, हे लोक स्वतःचा कारभार चालविण्यास समर्थ होते व आहेत, असे सुचविणे होते. कथा पंधराव्या शतकाविषयी काही सांगत नाही. एकोणिसाव्या शतकातील राजकीय युक्तिवाद म्हणून मात्र ती बोलकी आहे. हार्डिमनवर टीका करावयाची तर ती कथा सांगितल्याबद्दल नव्हे. दस्तऐवज आणि कथा एकाच आवाजात सांगितल्याबद्दल करावी लागेल. त्याच्या ग्रंथात सनदेचा भार कथेला मिळतो, आणि पुढील दोनशे वर्षांच्या मार्गदर्शिकांनी तो उतरविला नाही.

‘चौदा जमाती’ या नावाचेही असेच आहे. हे नाव क्रॉमवेलच्या सैनिकांनी हिणवण्यासाठी दिले आणि घराण्यांनी ते अभिमानाने मिरविले, असे हार्डिमन सांगतो. ज्यांनी डोंगरातील लोकांना रानटी म्हणून वेशीबाहेर ठेवले, त्यांनाच शेवटी टोळीवाले म्हणून संबोधले गेले.

तटाच्या आत आणि बाहेर

उत्खननांनी या वादात नवी साक्ष आणली. १९९७ मध्ये सीमाशुल्क कार्यालयाच्या इमारतीचा विस्तार करताना नगराच्या मध्यभागी एका मोठ्या दगडी सभागृहाचे अवशेष सापडले. हे द बर्गांचे सभागृह, म्हणजे न्यायदान आणि मेजवान्या यांचे ठिकाण; ‘तांबड्या अर्लचे सभागृह’ म्हणून ते आज काचेखाली जतन केलेले आहे. घराण्याची सत्ता गेल्यावर ते ओस पडले आणि कालांतराने त्यावर दुसऱ्या इमारती चढल्या. व्यापाऱ्यांच्या नगराने आपल्या सरदाराला सनदेतून वगळले होते; जमिनीवरूनही त्याची खूण जवळजवळ पुसली गेली होती. पूर्वेकडील तटाचा एक भाग आणि त्यावरील बुरूज आज एका खरेदी संकुलाच्या आत उभे आहेत. नदीकाठी १५८४ मधील तटविस्ताराचा उरलेला भाग ‘स्पॅनिश कमान’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्या ठिकाणाचे आयरिश नाव मात्र नुसते ‘तटाचे टोक’ असे आहे.

तटाच्या आत सारेच गेलिक विद्येला पारखे होते असेही नाही. स्लायगोच्या परंपरागत इतिहासकार कुळातील दुवाल्ताख मॅक फिर्बिशी याने १६४९-५० मध्ये गॉलवेत, सेंट निकोलसच्या महाविद्यालयात बसून आयर्लंडच्या वंशावळींचा महाग्रंथ सिद्ध केला. गेलिक कुळांबरोबर नॉर्मन वंशाची घराणीही त्याने त्यात घेतली. १६५१ च्या ऑगस्टमध्ये क्रॉमवेलच्या पक्षाच्या सैन्याने नगराला वेढा दिला आणि १६५२ च्या एप्रिलमध्ये नगर शरण गेले. वेढ्याच्या उंबरठ्यावर, दोन्ही बाजूंच्या पूर्वजांना एका पुस्तकात बसविणारा हा ग्रंथ गॉलवेच्या सर्व उगमलेखनांत सर्वांत उदार ठरतो. हार्डिमनच्या नगरेतिहासाइतका तो वाचला गेला नाही, कारण तो आयरिशमध्ये होता आणि त्याची संपूर्ण मुद्रित आवृत्ती एकविसाव्या शतकापर्यंत निघाली नव्हती.

नदीपलीकडे, तटाच्या बाहेर, क्लाडा ही कोळ्यांची वस्ती होती. ‘क्लाडा’ या शब्दाचा अर्थ दगडगोट्यांचा किनारा. तेथे १४८८ मध्ये डॉमिनिकन मठ स्थापन झाला. वस्तीची भाषा आयरिश राहिली, आणि कोळी आपला प्रमुख आपणच निवडीत. त्याला ते राजा म्हणत. नगराला मासे येथूनच मिळत, पण सनदेत, तटकराच्या परवान्यांत किंवा चौदा घराण्यांच्या वंशावळींत या लोकांचे नाव येत नाही. क्लाडाची गवताने शाकारलेली घरे १९३० च्या दशकात पाडली गेली आणि त्या जागी नगरपालिकेच्या सरळ ओळींतील घरे उभी राहिली. ओ'फ्लॅहर्टीच्या पश्चिम कॉनॉटच्या वर्णनाचे हस्तलिखितही दीडशे वर्षांहून अधिक काळ अप्रकाशित पडून होते. १८४६ मध्ये, बटाट्याच्या दुष्काळाच्या ऐन काळात, ते संपादित करून छापले हार्डिमननेच. आणि त्याला जोडलेल्या त्याच्या टिपा मूळ संहितेपेक्षा लांब आहेत.